चाकं गेली, माणसं राहिली

सिडनीच्या एका ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये रात्रीचा खेळ चालू आहे. गाडीत एक तरुण जोडपं आपल्याच नादात आहे आणि बाहेर अंधारात कुणीतरी वाकून त्याच गाडीची चाकं काढतं आहे. पोरगा भानावर येऊन बाहेर उडी मारतो, तेव्हा चाकं घेऊन जाणारी गाडी त्याला दिसते. ती पोलिसांची असते. कुंपणानं शेत खाणं आपल्याला नवं नाही. इथं मात्र कुंपण हावरटपणानं खात नाही, वरून आलेल्या हुकमानं खातं. त्या रात्रीपासून हे जोडपं तिथून बाहेर पडू शकत नाही, आणि ‘डेड एंड ड्राइव्ह-इन’ या १९८६च्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाची गोष्ट खऱ्या अर्थानं सुरू होते.

आपल्या चित्रपट मंडळाच्या पुस्तिकेत आजवर बर्गमन, राय, ओझू अशी भारदस्त मंडळी येऊन गेली. त्यांच्या पंगतीला हा चित्रपट बसवताना दोघा-तिघा सभासदांनी भुवया उंचावल्या. त्यांचं चुकत नाही. रंगवलेल्या केसांची पंक पोरं, पत्रे ठोकलेल्या गाड्या, मारामाऱ्या, थोडी अंगप्रदर्शनाची फोडणी आणि शेवटी ट्रकची उडी, असा सगळा मसाला यात आहे. तो लपवण्याचा प्रयत्न चित्रपट करत नाही आणि मीही करणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की कोंडलेल्या माणसांवर निघालेल्या चित्रपटांच्या ढिगात एक प्रश्न इतक्या सरळपणे विचारणारे फार थोडे आहेत. पोट भरत असेल, करमणूक होत असेल आणि उद्याची चिंता नसेल, तर माणूस तुरुंगाला तुरुंग म्हणेल का?

आधी थोडी गोष्ट. काळ चित्रपट निघाला त्याच्या पुढच्या चार-पाच वर्षांतला, म्हणजे जवळजवळ तेव्हाचा वर्तमानच. सुरुवातीच्या अक्षरपाट्या सांगतात, की जगाची अर्थव्यवस्था कोसळली आहे, ठिकठिकाणी हिंसाचार उसळला आहे. सिडनीच्या रस्त्यांवर ‘कारबॉइज’ नावाच्या टोळ्या फिरतात आणि गाड्यांच्या सुट्या भागांना सोन्याचा भाव आला आहे. अपघात झाला की जखमी माणसाकडे कुणी पाहत नाही. मोडकी गाडी कोण ओढून नेणार यावरून टोइंगवाले आणि टोळीवाले एकमेकांची डोकी फोडतात. जिमी हा या शहरातला एक साधा पोरगा. त्याला सगळे ‘क्रॅब्स’ म्हणतात. व्यायामाचं वेड, अंगापिंडानं बेताचा, आणि टोइंग गाडी चालवणाऱ्या थोरल्या भावासारखं दणकट दिसायची हौस. त्या भावाची जिवापाड जपलेली १९५६ची शेव्हरले घेऊन तो कार्मेन नावाच्या मैत्रिणीला ‘स्टार ड्राइव्ह-इन’मध्ये सिनेमाला नेतो. तिकिटाच्या खिडकीवर बेकारांना सवलत आहे. क्रॅब्स ती सवलत घेतो. पुढं जे घडतं त्याचं बीज या चार पैसे वाचवण्यात आहे, आणि दिग्दर्शक ते इतक्या सहज पेरून जातो की पहिल्यांदा पाहताना ते लक्षातही येत नाही.

ड्राइव्ह-इन हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही. मुंबईकरांच्या एका पिढीला वांद्रे पूर्वेचं ड्राइव्ह-इन आठवत असेल. अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात एका मॉलच्या गच्चीवर तसं थिएटर सुरू झालं. ऑस्ट्रेलियात मात्र १९५४ साली मेलबर्नमध्ये पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं आणि पुढच्या वीस वर्षांत ते देशभर पसरलं. जमीन मुबलक, गाड्या घरोघरी. पोरांना घरच्यांच्या नजरेआड दोन तास मिळायचे आणि लेकुरवाळ्या घरांना झोपलेली मुलं मागच्या सीटवर टाकून सिनेमा पाहता यायचा. मग रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ आला, शहरालगतच्या जमिनींचे भाव चढले आणि १९८०नंतर ही थिएटरं एकामागून एक बंद पडू लागली. या चित्रपटाचं चित्रीकरण सिडनीच्या आग्नेय भागातल्या मॅट्राव्हिलच्या ड्राइव्ह-इनमध्ये झालं. तिथून बॉटनी बे हे समुद्राचं आखात हाकेच्या अंतरावर. ब्रिटननं कैदी भरून पाठवलेली पहिली जहाजं जानेवारी १७८८मध्ये आधी तिथंच लागली होती. लाँग बे हा सिडनीचा जुना तुरुंगही शेजारीच. दिग्दर्शकानं जागा या हिशेबानं निवडली असेल असं मला वाटत नाही. रिकामं आणि परवडणारं थिएटर मिळालं, एवढंच कारण पुरेसं आहे. पण कैद्यांच्या वसाहतीतून उभ्या राहिलेल्या देशानं आपल्याच पोरांसाठी पुन्हा तुरुंग काढावा, आणि तोही तिथंच, हा योग आपण प्रेक्षकांनी टिपायला हरकत नाही.

दिग्दर्शक ब्रायन ट्रेंचार्ड-स्मिथ. जन्म १९४६चा, इंग्लंडमधला. विशीत ऑस्ट्रेलियात आला आणि सुरुवातीला चित्रपटांच्या जाहिरातपट्ट्या कापण्या-जोडण्याचं काम केलं. दोन मिनिटांत प्रेक्षकाला खुर्चीला खिळवायचं तंत्र त्याच्या हातात तिथं बसलं. स्टंट करणाऱ्या माणसांचं त्याला विलक्षण आकर्षण. त्यांच्यावर त्यानं १९७३ला माहितीपट केला, १९७५ला ‘द मॅन फ्रॉम हाँगकाँग’ हा मारधाडपट केला आणि १९८३ला ‘बीएमएक्स बँडिट्स’ हा पोरासोरांचा सायकलपट केला, ज्यात कोवळ्या वयाची निकोल किडमन दिसते. मधे १९८२चा ‘टर्की शूट’. त्यातही हुकूमशाही राजवट, ‘बिघडलेल्या’ लोकांची छावणी आणि त्यांना सुधारण्याचं नाटक. छावणीच्या क्रूर प्रमुखाचं आडनाव थॅचर. ऐनवेळी पैसे आटल्यामुळे त्या चित्रपटाचं वेळापत्रक कापावं लागलं, आणि ते पडद्यावर दिसतं. तिथं चाबूक आहे, शिकार आहे, रक्ताचा सडा आहे. चारच वर्षांनी त्याच माणसानं त्याच विषयाला पुन्हा हात घातला आणि चाबूक काढून टाकला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच.

या काळातल्या ऑस्ट्रेलियन धंदेवाईक चित्रपटांना पुढं ‘ओझप्लॉयटेशन’ असं नाव पडलं. त्यामागं करसवलतीचाही मोठा हात होता. १९८१मध्ये आयकर कायद्यात ‘१०बीए’ नावाचं कलम आलं. चित्रपटात शंभर डॉलर घालणाऱ्याला दीडशे डॉलरची वजावट मिळू लागली. मग काय, दातांच्या डॉक्टरांपासून वकिलांपर्यंत ज्याला-त्याला सिनेमाचं प्रेम फुटलं. पुढं सवलत टप्प्याटप्प्यानं घटत गेली, १९८५पर्यंत ती एकशेवीसवर आली आणि पैशाचा ओघ आटू लागला. ‘डेड एंड ड्राइव्ह-इन’ त्या ओहोटीतला चित्रपट. खर्च सुमारे अडीच दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर. हॉलिवूडच्या मानानं ही रक्कम चहापाण्याची. गंमत अशी, की निर्मितीत न्यू साउथ वेल्स राज्याचं सरकारी चित्रपट महामंडळ होतं, म्हणजे ‘माय ब्रिलियंट करिअर’सारख्या सभ्य, पुस्तकी चित्रपटांना हात देणारी संस्था. ज्या गोष्टीत सरकार पोरांना फसवून कोंडतं, तिला सरकारी तिजोरीतून पैसे मिळाले. आपल्याकडे हे शक्य झालं असतं का, याचं उत्तर वाचकांनी आपापल्या अनुभवानं द्यावं.

मूळ गोष्ट पीटर कॅरीची. दोनदा बुकर पारितोषिक मिळवणारा हा लेखक तेव्हा जाहिरातीच्या धंद्यात होता, आणि ‘क्रॅब्स’ ही कथा त्याच्या १९७४च्या ‘द फॅट मॅन इन हिस्टरी’ या पहिल्या संग्रहात आली. कथा छोटी आणि चमत्कारिक आहे. तिच्यातला क्रॅब्स सुटकेचे उपाय करून थकतो आणि अखेर स्वतःच वाहन होऊन बाहेर पडतो. बाहेर रस्ते ओसाड. माणसाच्या शोधात फिरता फिरता लांबवर दिवे दिसतात, तो तिकडं धावतो, आणि ते दिवे त्याच ड्राइव्ह-इनचे निघतात. सगळी माणसं आत, हा एकटा तारेबाहेर. पटकथाकार पीटर स्मॉली यानं हा शेवट बाजूला ठेवला. कॅरीच्या वाचकांना तो विश्वासघात वाटला असेल. मला वाटत नाही. माणसाचं यंत्र होणं कागदावर चार ओळींत पटतं. पडद्यावर, तेही इतक्या कमी पैशांत, ते हास्यास्पद झालं असतं. स्मॉलीनं कथेचा गाभा दुसऱ्या वाटेनं राखला. आत राहणाऱ्यांना बाहेर जावंसं वाटतच नाही, ही कॅरीची धास्ती त्यानं रूपकातून काढून रोजच्या व्यवहारात आणली, आणि हा व्यवहार पडद्यावर फार बारकाईनं येतो.

सकाळ होते आणि क्रॅब्सला पहिल्यांदा उजेडात ती जागा दिसते. चाकं नसलेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा, त्यांवर ताडपत्र्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, चुली, भिंतभर रंगीबेरंगी ग्राफिटी. प्रत्येक गाडी म्हणजे एक बिऱ्हाड. बायकांच्या स्वच्छतागृहात केस विंचरणं, रंगरंगोटी आणि गावगप्पा. कॅफेत बर्गर आणि तळलेलं खाणं, रात्री पडद्यावर मारधाडपट, दारू आहे, गोळ्या आहेत, दिवसभर न्यू वेव्ह संगीत चालू. कला दिग्दर्शक लॅरी ईस्टवुडचं हे काम पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटच्या पारितोषिकांत त्याला नामांकनही मिळालं. पैसे कमी असले की रात्रीची दृश्यं धुरानं आणि निळ्या दिव्यांनी झाकायची, ही नेहमीची युक्ती इथंही आहे. पण दिवसाच्या दृश्यांत कॅमेरा या वस्तीवरून निवांत फिरतो, आणि तिथं राहणारी माणसं बऱ्याच दिवसांची मुक्कामाला आहेत हे एका शब्दाविना समजतं.

थिएटरचा व्यवस्थापक थॉम्प्सन. पीटर व्हिटफर्डनं हा माणूस असा उभा केला आहे की त्याचा राग यायला अर्धा चित्रपट जातो. चेहऱ्यानं गावच्या पोस्टमास्तरासारखा, बोलायला गोड, ‘पोरांनो’च्या सुरात काळजी करणारा. चाकं चोरीला गेली? अरेरे. सकाळी बघू. सकाळी तो एक फॉर्म भरून घेतो, नावगाव विचारतो आणि खाण्याची कुपनं देतो. चालत जायचं म्हटलं तर बाहेरचा रस्ता सुरक्षा रस्ता आहे, त्यावर पायी जायला मनाई. बस नाही, टॅक्सी नाही. कुंपणात वीज आहे. हे सगळं तो असं सांगतो जणू नियम त्यानं केलेच नाहीत, आणि ते खरंही आहे. त्याला सरकारकडून डोईमागे पैसे मिळतात. जितकी पोरं आत, तितकी त्याची मिळकत. तो क्रूर नाही, त्याला फक्त गिऱ्हाईक टिकवायचं आहे. तुरुंगाधिकाऱ्याच्या जागी हॉटेलमालकाची मनोवृत्ती बसवली की काय होतं, ते या पात्रात पाहावं. गेल्या चाळीस वर्षांत अनेक देशांनी तुरुंग आणि स्थलांतरितांच्या छावण्या खासगी कंपन्यांना चालवायला दिल्या, त्यांतले कित्येक करार डोईमागेच होतात. ऑस्ट्रेलियातला पहिला खासगी तुरुंग १९९०ला क्वीन्सलँडमध्ये उघडला. थॉम्प्सन त्याच्या चार वर्षं आधीचा.

आणि आतली पोरं? त्यांच्याविषयी चित्रपटाला तिरस्कार नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलियात १९८३ला बेकारी दहा टक्क्यांवर गेली होती आणि तरुणांत ती त्याहून बरीच जास्त होती. सरकारी भत्त्यावर जगणारे ऐतखाऊ म्हणून वर्तमानपत्रांनी या पोरांना झोडपायचं, राजकारण्यांनी त्यांच्या नावानं बोटं मोडायची, असा तो काळ. चित्रपट या पोरांची बाजू फार हुशारीनं मांडतो. बाहेर त्यांना काय होतं? काम नव्हतं, घर नव्हतं, रस्त्यावर टोळ्या. इथं दोन वेळचं जेवण आहे, सोबत आहे, कुणी ‘काय करतोस’ असं विचारत नाही. एक पोरगा क्रॅब्सला हेच ऐकवतो आणि क्रॅब्सकडे त्यावर उत्तर नसतं. प्रेक्षकाकडेही नसतं. कार्मेन तर दोन-चार दिवसांत रुळते. मैत्रिणी मिळतात, केसांची नवी ठेवण होते, बर्गर फुकट. बुन्यूएलच्या १९६२च्या ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’मध्ये मेजवानीला जमलेली उच्चभ्रू मंडळी दार सताड उघडं असूनही खोलीबाहेर पडू शकत नाहीत. ती गोष्ट श्रीमंतांची आणि गूढ. ही बेकारांची आणि तिच्यात गूढ काहीच नाही. दोन्ही लागोपाठ पाहाव्यात, असं मी मंडळाला सुचवलं आहे.

रात्री पडद्यावर जे चित्रपट दाखवले जातात, त्यांत ट्रेंचार्ड-स्मिथनं स्वतःचेच ‘टर्की शूट’ आणि ‘द मॅन फ्रॉम हाँगकाँग’ वापरले आहेत. हक्कांचे पैसे वाचले, हे एक कारण उघडच आहे. पण परिणाम वेगळाच होतो. पोरांना गुंगीत ठेवणारा जो माल, तो आपणच बनवतो, असं दिग्दर्शक पडद्यावर कबूल करून जातो. शिवाय हा चित्रपट ज्यांनी पाहायचा, तेही ड्राइव्ह-इनमध्ये गाडीत बसलेले, हातात बर्गर घेतलेले प्रेक्षकच. उपदेश करणाऱ्या किती चित्रपटांना स्वतःकडे असं बोट दाखवता येतं?

मग मध्यावर एक दिवस ट्रक येतात आणि त्यांतून आशियाई माणसं उतरवली जातात. आतापर्यंत आपसांत भांडणाऱ्या गोऱ्या टोळ्या एका रात्रीत एक होतात. सभा भरते. आपलं खाणं खातील, आपल्या बायकांना त्रास देतील, यांना वेगळं ठेवा. स्वतः कैदेत असलेली माणसं तुरुंगाच्या जागेवर मालकी सांगू लागतात, हा या चित्रपटातला सगळ्यात बोचरा भाग. कार्मेनही त्या सभेला जाते. क्रॅब्स तिला विनवून सांगतो, की तेही आपल्यासारखेच कैदी आहेत. तिला ते पटत नाही.

या प्रसंगामागचा इतिहास माहीत असेल तर तो जास्त लागतो. १९०१ला ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं, आणि त्याच वर्षी गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा स्थलांतर कायदा आला. ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ म्हणून ओळखलं जाणारं ते धोरण १९७३ला व्हिटलम सरकारनं पूर्णपणे मोडीत काढलं. १९७६ला व्हिएतनामी निर्वासितांची पहिली होडी डार्विनला लागली, आणि पुढच्या दहा वर्षांत सिडनी-मेलबर्नच्या उपनगरांचे चेहरे बदलले. १९८४ला जेफ्री ब्लेनी या नामवंत इतिहासकारानं आशियाई स्थलांतराचा वेग लोकांना झेपत नाही, असं भाषण केलं आणि देशभर वादळ उठलं. चित्रपट त्यानंतर दोनच वर्षांनी आला. पुढचं तर आणखी चमत्कारिक. परवान्याविना आलेल्यांना सरसकट कोंडून ठेवण्याचा कायदा ऑस्ट्रेलियानं १९९२ला केला, वाळवंटातली वूमेरा छावणी १९९९ला उघडली, २००१ला निर्वासितांना नाउरू बेटावर पाठवणं सुरू झालं. आज हा चित्रपट पाहणाऱ्याला ते ट्रक साधे दिसत नाहीत. दिग्दर्शकाला भविष्य दिसलं होतं, असं मी म्हणणार नाही. आजूबाजूला काय बोललं जातंय ते त्यानं कान देऊन ऐकलं होतं.

या भागाची मांडणी ढोबळ आहे, हेही सांगायला हवं. आशियाई माणसांना चित्रपटात तोंडच नाही. ती येतात, उभी राहतात, घाबरतात. त्यांच्यातलं एकही पात्र आपल्याला नावानं भेटत नाही. वर्णद्वेषावर बोट ठेवणारा चित्रपट ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनाच पार्श्वभूमीत ढकलतो. कार्मेनचंही तसंच. नॅटली मॅकरी पडद्यावर उत्साही आहे, पण लेखनानं तिला वाऱ्यावर सोडलं आहे. तिनं आत राहायचं का ठरवलं, याची कारणं तिच्या तोंडून नीट आली असती तर शेवटचा निरोप कितीतरी जड झाला असता. बाकीच्या बायकांबद्दल न बोललेलंच बरं, कॅमेरा त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहतो ती त्या काळच्या पोस्टरांची नजर आहे. क्रॅब्सची भूमिका करणारा नेड मॅनिंग मात्र नेमका सापडला आहे. पुढं नाटककार आणि शिक्षक म्हणूनही तो ओळखला गेला. पिळदार नायक नाही, वैतागलेला, हट्टी, थोडा हास्यास्पद पोरगा. चाकं मिळवतो तर पेट्रोल काढून घेतलेलं असतं. एक अडचण सोडवली की दुसरी उभी. कुंपण चढून पाहतो. सरकारी दप्तराशी झगडणाऱ्या माणसाची चिकाटी त्याच्यात आहे.

आता ती उडी. शेवट सांगून टाकल्याबद्दल कुणी रागावू नये. ही उडी आधी कळल्यानं काही बिघडत नाही, उलट डोळे उघडे ठेवून पाहता येते. क्रॅब्स एक ट्रक पळवतो, आवारात पाठलाग होतो, गाड्या उलटतात, आणि अखेर ट्रक भरधाव येऊन उतारावरून हवेत झेपावतो, फाटकावरची निऑनची पाटी फोडत पलीकडं रस्त्यावर आदळतो. ही उडी गाय नॉरिस या स्टंटमननं खरोखर मारली. अंतर सुमारे ४९ मीटर, म्हणजे १६२ फूट. ट्रकच्या उडीचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. संगणकावर ट्रक उडवायची सोय तेव्हा नव्हती. अशा कामात वेगाचा हिशेब थोडा चुकला तर ट्रक नाकावर आपटतो, आणि दुसरा प्रयत्न करायला ट्रकही उरत नाही, कधी कधी माणूसही. म्हणून सगळे कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवतात आणि एकदाच सगळं उरकतात. पडद्यावर ट्रक हवेत असताना जो लांबलेला क्षण आहे, तो वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या त्याच एका उडीचा. पाटीच्या काचा उडतात, ठिणग्या पडतात, आणि ते वजन खाली येताना आपल्या खुर्चीला जाणवतं. याच नॉरिसनं पुढं २०१५च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’च्या स्टंटांची धुरा सांभाळली. ‘डेड एंड’च्या संकलकांपैकी ली स्मिथला ‘डंकर्क’साठी ऑस्कर मिळालं. स्वस्तातल्या चित्रपटांची शाळा अशी असते. फी कमी, शिकवणी कडक.

पण उडी नुसती करामत नाही. क्रॅब्स निघण्याआधी कार्मेनला चल म्हणतो, ती नाही म्हणते. तो एकटाच जातो. ज्या जगात तो जातो ते मोडलेलंच आहे. टोळ्या तिथंच आहेत, काम तिथंही नाही. आतल्या कुणाची सुटका होत नाही, थिएटर बंद पडत नाही, सरकार कोसळत नाही. कारपेंटरच्या १९८१च्या ‘एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क’मध्ये अख्खं मॅनहॅटन तुरुंग केलेलं आहे, आणि तिथून सुटणारा नायक जाता जाता सत्तेचा डाव उधळून लावतो. क्रॅब्स काहीही उधळत नाही. त्याला बाहेर जायचं होतं, तो गेला. मारधाडपटाच्या मानानं हा विजय किती लहान आहे ते पाहा. आणि तरी ट्रक रस्त्यावर आदळून पुढं निघतो तेव्हा थिएटरात टाळ्या पडतात, हेही खरं.

प्रदर्शनाच्या वेळी ऑस्ट्रेलियात तिकीटबारीवर या चित्रपटाचं पानिपत झालं. सत्तर हजार डॉलरच्या आतच त्याची कमाई आटोपली. ज्या प्रेक्षकासाठी तो होता, तो एव्हाना घरी व्हिडिओ पाहू लागला होता. मग त्याच व्हिडिओनं चित्रपटाला जिवंत ठेवलं. कॅसेटी फिरत राहिल्या. क्वेंटिन टॅरंटिनो हा ट्रेंचार्ड-स्मिथचा मोठा चाहता, आणि त्याच्या चित्रपटांत हा आपला आवडता असं टॅरंटिनोनं अनेकदा सांगितलं आहे. २००८ला मार्क हार्टलीच्या ‘नॉट क्वाइट हॉलिवूड’ या माहितीपटानं ओझप्लॉयटेशनची सगळी पिढीच धूळ झटकून पुढं आणली, आणि २०१६ला अॅरो व्हिडिओनं या चित्रपटाची नीट दुरुस्त केलेली ब्लू-रे प्रत काढली. आपल्याकडे दाखवायची आहे ती तीच.

पुढच्या पानांवर दृश्यवार टिपणं आहेत, ती चित्रपट पाहिल्यानंतर वाचावीत. सुरुवातीच्या अक्षरपाट्या चुकवू नका, त्या झरझर जातात. तिकिटाच्या खिडकीवरचा प्रसंग कान देऊन ऐका. मध्यंतर ठेवलेलं नाही, कारण चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. आणि चर्चेला थांबणाऱ्यांना एक विनंती: उडीबद्दल सगळेच बोलतील, ते बोलून झालं की कार्मेन आत का राहिली, यावर बोलू या.